लहानपण मागायचं म्हणजे काय मागायचं?

(दिंडीच्या शताब्दी वर्षात वाखरीच्या मुक्कामी तंबूत झालेलं बोलणं. बोललो तसंच, थोडं नीट करून इथं दिलं आहे.)



विणेकरी बुवा, टाळकरी मंडळी, आमच्या तुळशीवाल्या मायबहिणी, सैपाकाच्या चुलीपाशी बसल्या बसल्या ऐकणाऱ्या माऊल्या आणि मागं ट्रकच्या सावलीला टेकलेली पोरं, सगळ्यांच्या पायावर डोकं ठेवून बोलतो.

आपल्या दिंडीला यंदा 100 वर्षं पुरी झाली. ज्यांनी ही पताका पहिल्यांदा खांद्यावर घेतली त्यातलं आज कुणी नाही. बुवा म्हणाले, तुम्ही जुने आहात, चार शब्द बोला. आम्ही म्हणालो, आम्ही चौथी शिकलेले, नांगर धरणारे. इतिहास सांगणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत, ती सांगतील. आम्ही पोरांविषयी बोलतो. उद्या पंढरपूर आहे, तिथं गर्दीत कोण कुणाचं ऐकतंय? म्हणून आजच बोलून घेतो.

प्रत्येक माणूस आयुष्यात एकदा तरी म्हणतो, लहान होतो तेच बरं होतं. कर्जाची नोटीस आली की म्हणतो, भावाभावांत बांधावरून भांडण झालं की म्हणतो. आम्हीही म्हणत होतो. कीर्तनात तर फारच म्हणत होतो, कारण तिथं ते शोभतं. पण घरात आम्ही काय करत होतो, ते आज सांगायचं आहे.

आम्ही पहिली वारी केली तेव्हा सहा वर्षांचे होतो. आमचे तात्या दिंडीत टाळकरी. तेव्हा दिंडीचं सामान बैलगाडीत असायचं, आताच्यासारखे ट्रक, टँकर नव्हते. आळंदीपासून चालायचं. आम्ही थोडं चालायचो, दमलो की तात्या खांद्यावर घ्यायचे. दिवेघाट आम्ही पहिल्यांदा तात्यांच्या खांद्यावरून पाहिला. खाली वळणावळणानं माणसंच माणसं. पांढऱ्या टोप्या, भगव्या पताका, मध्ये माऊलींचा रथ. आम्ही तात्यांच्या टोपीला धरून बसलेलो. टेकडी दिसली की विचारायचो, "तात्या, आलं का वो पंढरपूर?" तात्या म्हणायचे, "ती टेकडी वलांडली का आलंच बग." टेकडी ओलांडली की दुसरी टेकडी. परत विचारायचं, परत तेच उत्तर. सासवडपासून वेळापूरपर्यंत तात्यांनी आम्हाला असं खोटं सांगत नेलं, आणि आम्ही दरवेळी खरं मानलं.

नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान झालं की तात्यांनी आम्हालाही नदीत बुचकळून काढलं. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघितलं. घोडा पळून गेला आणि लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला वाकले, तशी आम्हीही लावली, आणि थोडी खाल्लीसुद्धा. आईनं पाठीत धपाटा घातला. रात्री पिठलं-भाकरी खाऊन भजन ऐकता ऐकता कुणाच्या मांडीवर झोपलो हे सकाळी कळायचं. जी मांडी मिळेल ती आपली. पुढच्या मुक्कामाला जागा कुठं, पाणी कुठं, पीठ किती उरलं, घरी पेरणी कोण करतंय, यातलं काही आमच्या डोक्यात नव्हतं.

मग 1972 चा दुष्काळ आला. आमच्या माणदेशात पाऊस आधीच पाहुणा, त्या साली पाहुणाही आला नाही. विहिरींचे तळ दिसले. बैल कवडीमोलानं गेले. रेशनवर परदेशातली लाल ज्वारी यायची, मिलो म्हणायचे तिला. ती भाकरी घशाखाली जायची नाही, पण भुकेपुढं चवीचं काय चालतं! पोरांना सुकडी मिळायची. सरकारनं दुष्काळी कामं काढली, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडणं. आमची नुकतीच चौथी झाली होती. पाचवीला जायचं ते गेलोच नाही. आईबरोबर खडी फोडायला गेलो. हजेरीपटावर नाव आईचं, हातोडा आमच्याही हातात. कपारी उडून डोळ्यांत जायच्या. आमच्या डाव्या अंगठ्याचं नख तेव्हा गेलं ते आजही वाकडंच येतं.

पुढल्या साली ज्येष्ठ आला. तात्यांनी पताका काढली, टाळ पुसले. घरात काही नव्हतं, पण वारी चुकवायची नाही हा त्यांचा नेम. आम्हीही आमचं बारकं गठुडं बांधून उंबऱ्यात उभं राहिलो. तात्यांनी गठुडं हातातनं घेतलं, खाली ठेवलं आणि म्हणाले, "तू न्हाई यायचं. तू आता मोठा झालास. आई एकटी हाय. धाकटी हायती. घर संबाळ."

आम्ही अकरा वर्षांचे होतो, माऊली.

बांधावर उभं राहून आम्ही पताका दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. रडलो नाही, कारण मोठा झालास असं सांगितलं होतं. मोठ्यानं रडायचं नसतं, एवढं आम्हाला कुणी न शिकवता कळलं.

त्यानंतरचं सगळ्यांच्या घरी असतं तसंच. लग्न झालं, लेकरं झाली, दोन बोअर कोरडे गेले, तिसऱ्याला पाणी लागलं. डाळिंब लावलं, त्यावर तेल्या पडला, बाग काढून टाकली. सोसायटीचं कर्ज, पोरींची लग्नं. तात्या गेले, त्यांचे टाळ आमच्याकडे आले. पुढं कीर्तन करू लागलो. कीर्तनात म्हणायचो, बाळासारखं व्हा. लोक माना डोलवायचे. घरी आलो की पोरांना आमच्यासमोर हसायची भीती वाटायची.

आता मुद्द्यावर येतो.

आमचा एक नातू आहे. बारका होता तेव्हापासून पखवाजाचा नाद. आमच्या कीर्तनाला मागं बसून वाजवायचा. हात गोड. नववीत गेला तशी त्याला तालुक्याला क्लास लावला. सकाळी क्लास, दुपारी शाळा, संध्याकाळी परत क्लास. गावातल्या कुणाच्या पोराला किती टक्के पडले याची चर्चा घरात भाकरीबरोबर व्हायची. त्याच्या बापाचं म्हणणं, शेतीत राम नाही, शिकला नाही तर पोराचं लग्नसुद्धा जमायचं नाही. त्यात खोटं काही नाही. दहावीचं साल लागलं तेव्हा पोरगं एक दिवस पखवाज घेऊन बसलं. आम्हीच उठलो, पखवाज उचलला आणि माळ्यावर टाकला. आम्ही म्हणालो, "बास झालं. तू आता मोठा झालास."

हे बोलताना आम्हाला काहीच आठवलं नाही. तेच वाक्य, तोच शब्द, पण आठवलं नाही. 50 वर्षं जे वाक्य आमच्या उरात काट्यासारखं होतं, तेच आमच्या तोंडातनं सहज बाहेर पडलं.

पोरगं काही बोललं नाही. हळूहळू कुणाशीच बोलेना. ताटावरनं अर्धं उठायचं. आम्हाला वाटलं, अभ्यासाला लागलं, बरं झालं. बघा कसं असतं, पोरगं गप्प झालं की आपण म्हणतो शहाणं झालं.

मागच्या पौषात एका रात्री ते घरी आलं नाही. क्लास सुटून तीन तास झाले होते. फोन बंद. त्याच्या बापानं गाडी काढून रस्ता पालथा घातला. आणि आम्ही काय केलं? आम्ही बॅटरी घेऊन विहिरी बघत फिरलो. आमची बघितली, शेजाऱ्याची बघितली, ओढ्याकडची पडकी बघितली. काठावर वाकायचं, बॅटरी पाण्यावर मारायची आणि डोळे उघडायला धीर व्हायचा नाही. आयुष्यभर मुखात नाम घेतलं, पण त्या रात्री जसं घेतलं तसं कधी घेतलं नव्हतं.

पहाटे काकड्याला देऊळ उघडलं तेव्हा पुजाऱ्याला ते गाभाऱ्यामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर दिसलं. दप्तर उशाला घेऊन थंडीत मुटकुळं करून झोपलेलं. पुजारी सांगत आले. आम्ही गेलो. हाताला धरून उठवलं. वाटलं होतं रागवावं, पण तोंडातनं शब्द निघेना. ते आमच्याकडं बघून म्हणालं, "आबा, मला परत लहान व्हायचंय."

सोळा वर्षांचं लेकरू. मिसरूड फुटलेलं. आणि देवाच्या मागं झोपून काय मागतंय, तर लहानपण!

मायबाप हो, आम्ही त्या अभंगावर शंभर वेळा निरूपण केलंय. तुकोबारायांनी देवाकडं लहानपण मागितलं. मुंगीच्या वाट्याला गोड कण येतो, आणि इंद्राच्या घरचा हत्ती एवढा मोलाचा, पण त्याच्या डोक्याला अंकुश. हे लोकांना सांगताना आम्हाला वाटायचं, आपल्याला समजलंय. त्या पहाटे कळलं की काहीच समजलं नव्हतं.

आपण तिथं एक चूक करतो. लहानपण म्हटलं की आपल्याला बाळपण वाटतं. गोट्या, विटीदांडू, आंबे, ओढा. तुकोबारायांना खेळ ठाऊक नव्हते असं नाही. विटीदांडू, हुतुतू, फुगडी, चेंडूफळी, सगळ्या खेळांवर त्यांनी अभंग केलेत. पण त्यांचं स्वतःचं बाळपण लवकरच संपलं. थोरले बंधू सावजी विरक्त झाले, म्हणून घरचा व्यापार आणि सावकारी कोवळ्या वयात तुकोबांच्या अंगावर पडली. आईवडील गेले. मोठा दुष्काळ पडला, त्यात थोरली बायको गेली, लेकरू गेलं. दुष्काळ काय असतो, अन्न अन्न म्हणत माणूस कसं जातं, हे बघितलेला माणूस तो. असा माणूस देवाला, माझं सहावं वरीस परत दे, असं कसं म्हणेल? गेलेलं वय देवसुद्धा परत देत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी धाकटेपण मागितलं. वयानं मोठं, घरदार डोक्यावर, तरी मनानं धाकटं. आणि नुसतं मागून थांबले नाहीत. सावकारीची खतं वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. दुसऱ्यावरचं मोठेपण आधी पाण्यात सोडलं. आम्हाला काही पाण्यात सोडायचं नव्हतं, वर लहानपण पाहिजे होतं.

दुसरी गोष्ट मुक्ताईची. आळंदीची ती चार भावंडं. आईवडील देहान्त प्रायश्चित्त घेऊन गेले, लोकांनी वाळीत टाकलं. लोकांच्या बोलण्यानं ज्ञानोबारायांचं मन दुखलं आणि ते ताटी लावून आत बसले. पुढं ज्यांनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली ते ज्ञानोबाराय! आणि ताटी उघडा म्हणून दाराशी कोण उभं राहिलं? घरातलं सगळ्यात बारकं, मुक्ताई. आपल्या घरातही असंच आहे. मोठं माणूस रागाचं, इज्जतीचं, टक्क्यांचं दार लावून आत बसतं आणि बाहेरनं बारकं लेकरू हाका मारत राहतं. आमचा नातू दोन वर्षं दार वाजवत होता. आम्ही आत बसून कीर्तनाची तयारी करत होतो.

आता कुणी म्हणेल, बुवा, लहानपण तेवढं गोड आणि मोठेपण कडू, असं आहे का? तसं नाही. लहानपणी भूक होती, मार होता, अंधाराची भीती होती. मग तेव्हा असं काय होतं जे आता नाही? आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. उत्तर आमच्या आईनं देऊन ठेवलं होतं, आम्हालाच उशिरा कळलं.

तात्या गेल्यावर दहाव्याच्या दिवशी आई एक गोष्ट बोलली होती. आम्ही सहा वर्षांचे असताना केलेल्या त्या वारीत तात्यांच्या टाचेला मोठं कुरूप होतं. लोणंदच्या पुढं पाय टेकवेना. रात्री आई गरम पाण्यानं शेकायची. सकाळी तात्या परत आम्हाला खांद्यावर घ्यायचे. आई म्हणाली होती, पोराला चालवा. तात्या म्हणाले होते, त्याला वरनं माऊलींचा रथ दिसतोय, बघू दे.

आम्हाला रथ दिसला, घाट दिसला, टोप्या दिसल्या. तात्यांची टाच दिसली नाही. ती दिसली नाही, म्हणूनच ते दिवस गोड. लेकरू निर्धास्त असतं कारण खालून कुणीतरी दुखरा पाय टाकत चाललेलं असतं आणि वर एक शब्द कळू देत नाही.

आणि बांधावरच्या त्या दिवशी तात्यांनी आमचं गठुडं खाली ठेवलं, तेव्हा त्यांना काय झालं असेल? आम्ही आमचंच रडं धरून बसलो 50 वर्षं. दुष्काळानं त्यांचा खांदा मोडला होता, म्हणून त्यांनी आम्हाला खाली उतरवलं. त्यांचा इलाज नव्हता. पण माऊली, आमचा इलाज होता. आमच्या घरात आज मिलो खायची वेळ नाही. आम्ही आमच्या नातवाला खांद्यावरनं उतरवलं ते दुष्काळानं नाही, चार लोकांत मान खाली जाईल या भीतीनं. ही चूक आमची आहे, आणि दिंडीपुढं बोलल्याशिवाय ती आमच्या मनातनं जायची नाही, म्हणून बोललो.

त्या दिवशी घरी येऊन पखवाज खाली काढला. शाई तडकलेली, दोन वाद्या उंदरानं कुरतडलेल्या. तालुक्याला नेऊन पूड बदलून आणली. संध्याकाळी सुनेनं भाकरी थापायच्या आधी कणीक मळून दिली. पोरानं ती धुमेला लावली, थाप मारली, आणि बापलेक, आजा, सगळे आवाज बसेपर्यंत गप्प बसून राहिलो. क्लास बंद केला नाही. एक वेळचा केला. संध्याकाळ त्याची. दहावी पास झाला, फार वर नाही, फार खाली नाही. अकरावीला नाव घातलंय. आणि यंदा आपल्या दिंडीत पखवाजाला उभा आहे, तो तिकडं मागं बसलाय. त्याला विचारूनच हे सगळं सांगितलं. "सांगा आबा," म्हणाला, "पण वर्गातल्या पोरांना सांगू नका."

म्हणून 100 वर्षांच्या या दिंडीला आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, पोरांना वारीला आणा. सगळी वारी जमत नसेल तर दोन मुक्काम आणा. दुसरी, शाळा-क्लास असू द्या, पण लेकराचा एक नाद त्याच्याकडं ठेवा. टाळ असो, चेंडू असो, कोंबड्या पाळणं असो. तो माळ्यावर टाकू नका. तिसरी, घरातलं पोर गप्प झालं तर शहाणं झालं म्हणू नका. जवळ जाऊन बसा. प्रश्न विचारू नका, नुसतं बसा. आणि पोरांनो, तुम्हालाही एक. विहिरीकडं नाही, माणसाकडं जायचं. आई असेल, गुरुजी असतील, देवळातला पुजारी असेल. जी मांडी मिळेल ती आपली, हे वारीनं शिकवलंय.

मोठ्यांनी काय करायचं? आपल्यालाही कुणाच्या तरी खांद्यावर बसावं वाटतंच की. मग वारीत आपण एकमेकांना काय म्हणतो? माऊली. सत्तर वर्षांचा म्हातारा विशीतल्या पोराला माऊली म्हणतो. ज्याला आई म्हटलं त्याच्यापुढं आपण लेकरू झालो, एवढा साधा हिशेब आहे. रिंगणात म्हाताऱ्या बाया फुगडी घालतात, काल्याच्या कीर्तनात पांढऱ्या मिशांचे बाप्ये पेंद्या होऊन बोबडं बोलतात. ते काही वेडे नाहीत. घरी गेल्यावर परत कर्ज आहे, कोर्ट आहे, सांधेदुखी आहे. पण पंधरा-वीस दिवस भार माऊलींवर टाकून चालता येतं, म्हणून पुढं वर्षभर दुसऱ्याचा भार घेता येतो.

परवाचीच गोष्ट सांगतो आणि थांबतो. वेळापूरच्या अलीकडं धावा असतो. तिथल्या उंचावरनं तुकोबारायांना पंढरीचा कळस दिसला आणि ते उतारावर पळत सुटले, असं जुनी माणसं सांगतात. म्हणून सगळी दिंडी तिथं धावते. आमचे गुडघे यंदा धरलेत. चढावर आम्ही मागं पडलो. नातू पखवाज दुसऱ्याकडं देऊन परत आला, आमचा हात खांद्यावर घेतला. आम्हाला काय झालं कुणास ठाऊक, तोंडातनं निघून गेलं, "आलं का रं पंढरपूर?"

त्याला तात्यांची ही गोष्ट आम्ही कधी सांगितली नव्हती. ते हसलं आणि म्हणालं, "हे एवढं वलांडलं की आलंच, आबा."

आम्ही खरं मानलं, आणि त्याच्या खांद्याला धरून उतारावर पळालो.

चुकलंमाकलं लेकराचं समजून पदरात घ्या.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!